अमेरिकेतल्या एएम रेडिओवरचे कॉन्झर्व्हेटिव्ह टॉक शो: नऊ महिन्यांच्या वापरानंतर (आणि त्या टर्कीचं काय झालं?)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मी सप्टेंबर २०२४ मध्ये लिहिला असता तर एक स्टार दिला असता, नोव्हेंबरमध्ये चार दिले असते आणि ख्रिसमसच्या आठवड्यात रेडिओ उपटून फेकला असता. आणि हे प्रॉडक्ट मी हौसेने घेतलेलं नाही, गळ्यात पडलंय.

झालं असं की ऑगस्ट २०२४ मध्ये गाडीचा टचस्क्रीन गेला. २०१६ ची गाडी, एक लाख अठरा हजार मैल झालेत, इंजिन ठणठणीत, आणि स्क्रीनवर आधी पांढऱ्या रेघा, मग मिट्ट काळोख. ब्लूटूथ गेलं, मॅप गेला, एफएमवर जायचं बटण त्या स्क्रीनवरच होतं म्हणून एफएमही गेलं. उरलं काय तर आवाजाचं गोल बटण आणि स्टीअरिंगवरचं पुढचं स्टेशन शोधायचं बटण. आदल्या दिवशी नवऱ्याने ट्रॅफिक ऐकायला एएम लावलेलं, तिथेच गाडी जी अडकली ती अडकली. सर्व्हिस सेंटरवाल्याने (कुठला ते लिहीत नाही, उगाच कटकट नको) नुसतं बघायचे १८९ डॉलर घेतले आणि निदान काय केलं, तर "स्क्रीन गेलाय". अरे बाबा, ते मला ड्राइव्हवेमध्येच दिसत होतं! नवीन युनिटचे १६५० म्हणाला. एवढ्यात मी मुंबईला जाऊन येईन, आणि सासूबाईंसाठी दोन किलो बदामही नेईन. नाही केलं.

माझं रोजचं न्यू जर्सीत पार्सिपनी ते पिस्कॅटवे, २८७ हायवेवरून, जर्सीवाल्यांना पुढचं सांगायला नको. सुरुवातीला ८८० नंबरच्या स्टेशनवर दर दहा मिनिटांनी ट्रॅफिक ऐकायचे. माझा स्क्रीन जाऊन दोन आठवडे होतात न होतात तोच २६ ऑगस्टला ८८० वाल्यांनी बातम्याच बंद केल्या आणि तिथे स्पोर्ट्स सुरू झालं. १०१० वर बातम्या आहेत, पण बावीस मिनिटांनी तेच परत, त्यांचं ब्रीदवाक्यच तसं आहे, आणि २८७ वर तर मी तासभर असते. मग बटण दाबत दाबत जी दोन स्टेशनं खणखणीत लागायची त्यांवर येऊन थांबले, ७१० आणि ७७०. लागणारच, ७७० चा टॉवर लोडायला आहे, आपल्या जर्सीतच, नाव फक्त न्यूयॉर्कचं.

तर प्रॉडक्ट. जेवायच्या सुट्टीत मी डबा गाडीत बसून खाते (ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये एकदा सुकी मच्छी गरम केली होती, तेव्हापासून), त्या वेळी ७१० वर क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन असतात. पहिला मूळचा स्पोर्ट्सवाला, दुसरा सीआयएमध्ये अॅनॅलिस्ट होता. घरी जाताना शॉन हॅनिटी. आणि उशीर झाला तर सहानंतर ७७० वर मार्क लेव्हिन, ज्याचा आवाज साडेसहापर्यंत असा काही चढतो की पुढच्या गाडीवाल्याला वाटावं मीच ओरडतेय. सकाळी बटण चुकून पुढे गेलं तर ९७० वर जो पिस्कोपो, सॅटर्डे नाइट लाइव्हमधला जुना विनोदी नट, तो जर्सीचाच, आणि तो बोलायला लागला की राजकारण कमी आणि गायक सिनात्रा जास्त.

पहिले दोन आठवडे नुसता संताप. सगळे सदा चिडलेले. तीच पाच वाक्यं, बॉर्डर, टॅक्स, मीडिया, युनिव्हर्सिट्या, परत बॉर्डर. हॅनिटी न्यूयॉर्कच्या नावाने बोटं मोडतो आणि स्वतः २०२४ च्या सुरुवातीलाच फ्लोरिडाला राहायला गेलाय, म्हणजे आमच्या टॅक्सवर चिडायचं काम तो तिथून उन्हात बसून करतो. पण पुढे एके दिवशी विषय निघाला प्रॉपर्टी टॅक्सचा. जर्सीचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स आता वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेलाय, देशात सगळ्यात जास्त. फोन करणारा कॉलर एक रिटायर्ड प्लंबर, घराचं कर्ज केव्हाच फिटलं तरी महिन्याला आठशे डॉलर "स्वतःच्याच घराचं भाडं" भरतोय म्हणाला. आणि मी पोळीचा घास हातात धरून मोठ्याने म्हटलं, "अगदी बरोबर!" शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली. तिथून माझं थोडं बिनसलंच म्हणा.

आता मुख्य दोष. हाच रिव्ह्यूचा खरा विषय आहे, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. "ब्रेकनंतर सांगतो."

हे लोक काहीही पुरं सांगत नाहीत. मी एकदा २८७ वर ट्रक उलटला होता तेव्हा घड्याळ लावून मोजलं. एका तासात साडेअठरा मिनिटं जाहिराती, वर सहा मिनिटं बातम्या, ट्रॅफिक, हवामान. उरलेल्या वेळात चार मिनिटं "आज आपण काय बोलणार आहोत", आणि तीन मिनिटं "मगाशी आपण काय बोललो". नवरा म्हणतो हे सगळं घड्याळाने बांधलेलं असतं, देशभरच्या शेकडो स्टेशनांवर एकच कार्यक्रम जातो, तेव्हा ठरलेल्या सेकंदाला बोलणं तुटलंच पाहिजे म्हणजे त्या त्या गावाच्या जाहिराती आत बसतात. असेल. आमच्याकडे कीर्तनकारसुद्धा ऐन रंगात आख्यान थांबवून आरतीचं ताट फिरवतात, पण ताट फिरून आलं की हरिश्चंद्राचं पुढे काय झालं ते सांगतात तरी!

आणि जाहिराती होस्ट स्वतःच वाचतो, त्याच आवाजात, त्याच तिडिकीने. म्हणजे बघा, "...आणि म्हणून मंडळी हा देश रात्री शांत झोपू शकत नाही, आणि झोपेचं म्हणाल तर मी स्वतः ज्या गादीवर झोपतो..." कधी देश संपला आणि कधी गादी सुरू झाली, कळतच नाही. सोन्याची नाणी, गुडघेदुखीच्या गोळ्या, टॅक्सची थकबाकी मिटवणारे वकील, वर्षभर टिकणारं डब्यातलं जेवण. सासूबाई ऑक्टोबरमध्ये दिवाळीला आल्या त्या मार्चपर्यंत होत्या, त्यांना गाडीतून फिरवताना हेच लागायचं. सोन्याची जाहिरात त्यांना सगळ्यात पटली, फक्त "अगं नाणं कशाला, वळं घ्यावं, घालता तरी येतं" एवढंच म्हणाल्या. निवडणुकीच्या आधी ही जाहिरात सांगायची की सरकार देश बुडवतंय म्हणून सोनं घ्या. ५ नोव्हेंबरला यांचाच माणूस, ट्रम्प, जिंकला. मला वाटलं आता तरी सोनं विकणं थांबेल. छे. सहा तारखेला तीच जाहिरात, फक्त सुरुवातीचं एक वाक्य बदललेलं.

तर टर्की, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाला इथे भाजतात तो पक्षी. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, एका लोकल शोचा होस्ट (नाव लिहीत नाही, बिचाऱ्याचा तेवढाच शो मला आवडतो) राजकारण बाजूला ठेवून गेल्या वर्षीची गोष्ट सांगायला लागला. त्याच्या मेव्हण्याने ठरवलं की टर्की ओव्हनमध्ये नाही, तेलात तळायची, अख्खी. बाहेर पाऊस म्हणून गॅरेजमध्ये. टर्की आतून अजून गोठलेली. ज्यांनी गोठलेला बटाटेवडा कढईत सोडलाय त्यांना पुढचं दिसलंच असेल. तेल फसफसून वर यायला लागलं, मेव्हणा ओरडला "दार उघडा", कुणीतरी घाईत चुकीचं बटण दाबलं आणि गॅरेजचं दार वर जायच्या ऐवजी खाली यायला लागलं, आणि आत कोण, तर होस्टची सासू, मांडीवर मांजर घेऊन खुर्चीत. "आणि त्या क्षणी माझी सासू जे बोलली ते मी ब्रेकनंतर सांगतो."

मी घरी पोचले होते. ड्राइव्हवेमध्ये गाडी चालू ठेवून बसले. गादी झाली, गोळ्या झाल्या, बातम्या झाल्या, ट्रॅफिक झालं. परत आला तो बॉर्डरवरचा पाहुणा घेऊनच! त्या दिवशी संपलं ते संपलंच. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग म्हणून जुने तुकडे लावले. शुक्रवारी बदली होस्ट. आणि सोमवारपासून सगळ्या एएमला एकच वेड लागलं ते म्हणजे ड्रोन.

ते इथल्यांना आठवत असेल. नोव्हेंबरच्या मध्यापासून आमच्याच मॉरिस काउंटीत रात्री आकाशात दिवे दिसायला लागले होते, पिकाटिनी आर्सेनल या लष्करी तळाच्या आसपास, आणि डिसेंबरमध्ये तर अख्खी जर्सी मान वर करून फिरत होती. एफबीआयकडे पाच हजारांवर टिप्स आल्या, त्यातल्या शंभरही पुढे तपासण्यासारख्या निघाल्या नाहीत. रेडिओवर मात्र सोन्याचे दिवस. इराणचं जहाज, चीन, आपलंच सरकार, हरवलेला अणुबॉम्ब हुंगत फिरणारी यंत्रं, मनाला येईल ते. आणि खरं सांगते, इतकी मजा मला कुठल्याच सिरियलमध्ये आली नाही. एक आजोबा सांगत होते की बायकोला भांडी घासायची नव्हती म्हणून ती रोज रात्री ड्रोन बघायला अंगणात जाते. होस्ट हसून हसून बेजार. तो चार स्टारचा काळ.

त्याच भरात मी फोन केला. हो, मी. जेवायच्या सुट्टीत, डबा मांडीवर, त्याच लोकल शोला, टर्कीचं विचारायला. बावीस मिनिटं होल्डवर. मग एक पोरगा आला, कॉल स्क्रीनर म्हणतात त्याला. आधी म्हणाला रेडिओ बंद करा, कारण हवेत जाणारं बोलणं काही सेकंद मागे ठेवलेलं असतं, कुणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून. मग नाव, गाव, विषय.

"टर्की," मी म्हटलं.

"सॉरी?"

"थँक्सगिव्हिंगच्या आधी ते सासूबाईंचं सांगत होते, गॅरेजमधलं. अर्धवट राहिलं."

तो जरा गप्प. मग म्हणाला, "मॅम, आज आम्ही ड्रोनवर आहोत. तुम्ही ड्रोन पाहिलाय का?"

आता इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण बोलून गेले की पाहिला होता, डेकवरून, तीन दिवे, अगदी हळू, पण नवऱ्याने फोनवर विमानांचं अॅप उघडून बघितलं तर ते नुअर्कला उतरणारं विमान निघालं.

"ओके मॅम, थँक्स फॉर कॉलिंग." कट.

रेडिओ परत लावला तर माझ्यानंतरचा माणूस हवेत. त्याने मिनीव्हॅनएवढा ड्रोन पाहिला होता, थेट छपरावर, आणि त्याच्या कुत्र्याने दोन दिवस खाल्लं नव्हतं. त्याला सहा मिनिटं दिली. तेव्हा मला कळलं आत कोण जातं आणि कोण जात नाही. कुत्रा जेवला नाही हे चालतं, विमान होतं हे चालत नाही.

मग ख्रिसमसचा आठवडा. मोठे होस्ट सुट्टीवर, बदली माणसं खुर्चीत, आणि नेमका तेव्हाच एच-वन-बी व्हिसाचा वणवा पेटला. २६ डिसेंबरला रिपब्लिकन नेता विवेक रामास्वामीने एक्सवर लांबलचक पोस्ट टाकली की अमेरिकेत गणित ऑलिंपियाडवाल्यापेक्षा प्रॉम क्वीनला (शाळेच्या डान्सच्या राणीला) मान मिळतो, म्हणून कंपन्यांना बाहेरचे इंजिनियर घ्यावे लागतात. मस्क त्याच बाजूने, ट्रम्पचा जुना सल्लागार बॅनन विरुद्ध, आणि एएमवर कॉलरांची रांग. आम्ही स्वतः अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढली, २०१९ ला ते आलं. तर एक माणूस टॉम्स रिव्हरहून, चोपन्न वर्षांचा, आयटीतला, शांतपणे सांगत होता की नोकरी गेली आणि जाताना नवीन आलेल्या पोराला काम शिकवून जायला लागलं. तो चिडलेला नव्हता म्हणून जास्त लागलं. ते पोरगं कुठलं असेल हे त्याने सांगितलं नाही, मलाही सांगायची गरज नव्हती. त्याच्यामागून आलेला मात्र "हे लोक" "हे लोक" करत असं काही बोलला की मी एक्झिट चुकले. आणि लगेच पुढचा फोन स्टेटन आयलंडच्या एका बाईंचा, वय आवाजावरून पंचाहत्तर, "माझा हार्टचा डॉक्टर इंडियन आहे, त्याला हात लावून दाखवा." बदली होस्टला काय बोलावं सुचेना. ब्रेक. सोनं.

सहा दिवस रेडिओ बंद ठेवला. नुसता गाडीचा आवाज. उजव्या मागच्या चाकातून टिक टिक येतेय हे तेव्हाच कळलं (बेअरिंग, ३४० डॉलर, म्हणजे तो रेडिओ बंदच महाग पडला).

परत लावला तो ५ जानेवारीमुळे. मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की नऊ डॉलर, हे त्या दिवशी सुरू झालं. यावर एएमवाले आणि मी पुन्हा एका पंगतीला. आमचा तेव्हाचा गव्हर्नर मर्फी डेमोक्रॅट, तोही याविरुद्ध कोर्टात गेला होता, म्हणजे बघा. आपलं कॉन्सुलेट चौसष्टाव्या रस्त्यावर आहे म्हणून चार गल्ल्यांनी वाचलं, नाहीतर तिथल्या कामालाही नऊ डॉलर. पण नवरा रोज बसने मॅनहॅटनच्या पोर्ट ऑथॉरिटी बस स्टँडला जातो, तो महिनाभराने म्हणाला की टनेल मोकळा असतो, दहा मिनिटं लवकर पोचतो. मी त्याला म्हटलं हे बाहेर कुठे बोलू नकोस. फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने परवानगी काढून घेतली, तरी नऊ डॉलर चालूच आहेत, आणि रेडिओवरची तक्रारही.

सासूबाईंचं मत वेगळंच. त्यांना इंग्रजी अर्धं कळतं, पण आवाजावरून त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. लेव्हिन म्हणजे "तो बायकोशी भांडून आलेला". त्या म्हणाल्या, आमच्या वेळी मुंबई आकाशवाणीवर टेकाडे भावोजी, मीनावहिनी आणि पंत यायचे, महागाई, रेशन, मुलांची परीक्षा, सरकारची एखादी नवी टूम, सगळं घरातल्या गप्पांतून, आणि पुढे "सांगतो" म्हटलं की सांगायचे. मी म्हटलं आई, ते सरकारी होतं, सरकारला कितपत बोलणार. त्या म्हणाल्या, "चिमटा काढायला किती वेळ लागतो? हा तीन तास ओरडतो आणि चिमटा एक नाही." आपल्याकडे अजूनही खाजगी एफएमवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या लावता येतात, त्यामुळे असले शो तिकडे निघालेच नाहीत. निघाले असते तर डोंबिवली लोकलमध्ये रेडिओची गरज पडली असती असं मला तरी वाटत नाही.

नवऱ्याने यातला इतिहासही ऐकवला, विचारलं नसताना. इथे १९४९ पासून एफसीसीचा (रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियम होता की वादाच्या विषयावर दुसरी बाजूही ऐकवा, तो १९८७ ला काढला, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रश लिंबॉ हा कॉन्झर्व्हेटिव्ह होस्ट देशभर सुरू झाला, बारा ते तीन, तो २०२१ मध्ये वारला तोवर. बारा ते तीनची ही वेळ, जिच्यात मी डबा खाते, ती त्याची. या माणसाचं मत मला कधीच पटलं नसतं, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, २००१ मध्ये तो जवळजवळ पूर्ण बहिरा झाला होता, आणि कॉलर काय म्हणतोय ते समोर टाइप होऊन यायचं, ते वाचून तो उत्तरं द्यायचा, पुढे कानात इम्प्लांट बसवेपर्यंत. डाव्यांनीही २००४ ला एअर अमेरिका नावाचं स्वतःचं टॉक रेडिओ नेटवर्क काढून बघितलं, २०१० मध्ये दुकान बंद.

तांत्रिक बाजू थोडक्यात: पुलाखालून गेलं की आवाज जातो. वीज चमकली की खरखर. हिवाळ्यात लवकर अंधार पडला की लांबची स्टेशनं सरकत येतात, एकदा ११०० वर चक्क क्लीव्हलँडचं ट्रॅफिक ऐकत मी आमच्या घराच्या वळणावर आले. ऑफिसातल्या एकाच्या इलेक्ट्रिक गाडीत एएम नाहीच, मोटरची खरखर येते म्हणून कंपन्या काढून टाकतात. त्याविरुद्ध सिनेटमध्ये बिल आहे, आणि ते आणणारे कोण, तर डेमोक्रॅट एड मार्की आणि रिपब्लिकन टेड क्रूझ, ज्यांचं एरवी हवापाण्यावरसुद्धा जमायचं नाही.

अपडेट: एप्रिलमध्ये भाच्याने ऑनलाइन २१० डॉलरला जुना युनिट शोधला, एका रविवारी यूट्यूब बघून डॅशबोर्ड उघडला आणि बसवला. एक स्क्रू उरलाय, तो कपाच्या खाचेत ठेवलाय. १४४० डॉलर वाचले. ब्लूटूथ चालतं, मॅप चालतो, नाट्यसंगीत लावता येतं. सकाळी तेच लावते.

पण लोकल शोची वेळ झाली की हात एएमकडे जातो. आता मतासाठी नाही, मतं मला पाठ झालीत, होस्टच्या आधी मी वाक्य पुरं करू शकते. तीन स्टार. गादीचा एक कापला, ख्रिसमसच्या आठवड्याचा एक कापला. प्लंबर, भांडी टाळणारी बायको आणि स्टेटन आयलंडच्या बाई नसत्या तर दोनच दिले असते.

त्या बुधवारी चारच्या बातम्यांनंतर कुणी ऐकत राहिलं असेल, तर दार खाली आल्यावर त्याची सासू काय म्हणाली तेवढं कृपा करून सांगा. आणि मांजर बाहेर आलं का.